बसच्या दाराबाहेरचे दहा फूट

मूल पहिल्यांदा स्कूलबसने जाऊ लागलं की घरात आणि पालकसभेत एक वाद हमखास होतो, आणि दरवेळी तो त्याच दोन टोकांना अडकून बसतो. एका बाजूचं म्हणणं असतं, मुलांना नीट शिकवा. कुठे उभं राहायचं, रस्ता कसा ओलांडायचा, हे त्यांच्याकडून घोटवून घ्या, शिस्त लावा, बाकी सगळं सुरळीत होईल. दुसऱ्या बाजूचा भरवसा यंत्रांवर आणि शिक्षेवर असतो. बसमध्ये कॅमेरे हवेत, बस कुठवर आली ते मोबाइलवर दिसायला हवं, प्रत्येक सीटला पट्टा हवा, चुकणाऱ्याला जन्माची अद्दल घडायला हवी. कुठे दुर्घटना घडली की दोन्ही आवाज चढतात, आठ-दहा दिवस गाजतात आणि विरून जातात. माझ्या मते हा वादच भलत्या जागी चालला आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सर्वांत मोठा धोका असतो तो बसमध्ये चढताना, उतरताना आणि उतरल्यानंतरच्या पहिल्या काही पावलांत. तिथली सुरक्षितता मुलाच्या शहाणपणावर सोपवता येत नाही आणि ती विकतही आणता येत नाही. ती मोठ्या माणसांना आधी बसून आखावी लागते. थांबा रस्त्याच्या कुठल्या बाजूला असावा, उतरलेलं मूल कोणाच्या हाती द्यावं, बस रिकामी झाली हे कोणी आणि कसं तपासावं, हे प्रश्न कंटाळवाणे आहेत. म्हणूनच त्यांच्यावर कोणी तावातावाने बोलत नाही, आणि मुलांचे जीव मात्र त्यांच्यावरच अवलंबून असतात.

आधी बसच्या आतल्या भीतीबद्दल बोलू, कारण पालकांच्या मनात तीच मोठी असते. एवढी मोठी गाडी, अनोळखी ड्रायव्हर, चाळीस-पन्नास मुलं आणि त्यांत आपलं मूल एकटं. ही भीती खोटी नाही, पण तिचं माप चुकतं. अमेरिकेत स्कूलबसची व्यवस्था फार जुनी आणि अवाढव्य आहे. तिथलं राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन सांगतं की घरच्या मोटारीपेक्षा स्कूलबसने जाणारं मूल सुमारे ७० पट सुरक्षित असतं. यामागे पुष्कळ विचार झालेला आहे. १९३९ साली फ्रँक सायर या प्राध्यापकांनी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिक्षणखात्याचे आणि बस बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक एकत्र बसवले आणि स्कूलबससाठी ४४ मानकं ठरवून घेतली. आज जगभर ओळखीचा झालेला पिवळा रंग तिथेच निवडला गेला, कारण पहाटेच्या आणि संधिप्रकाशाच्या वेळी त्यावरची काळी अक्षरं सहज वाचता येतात. १९७७ पासून तिथल्या मोठ्या बसमध्ये सीट उंच पाठीच्या, जवळजवळ बसवलेल्या आणि आघात शोषून घेणाऱ्या असाव्या लागतात, म्हणजे समोरून धडक झाली तर मूल पुढच्या सीटच्या गादीवर आदळून वाचतं. तेच प्रशासन पुढे हेही बजावतं की खरा धोका बसकडे येताना आणि बसपासून दूर जाताना आहे. बसभोवतीच्या चारही बाजूंच्या सुमारे १० फुटांना तिथे धोक्याचा पट्टाच म्हणतात. पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११० सेंटिमीटर असते. एवढं मूल मोठ्या बसच्या नाकासमोर उभं राहिलं की ड्रायव्हरच्या थेट नजरेतून नाहीसं होतं, आणि हातातून निसटलेला डबा उचलायला वाकलं तर आरशांतही सापडेनासं होतं. ड्रायव्हर कितीही सज्जन असो, जे दिसतच नाही त्यासाठी तो ब्रेक कसा लावणार?

आता ‘मुलांना शिकवा’ या मताकडे येतो. त्यातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. शिकवल्याने फरक पडतो. फुटपाथच्या कडेपासून तीन मोठी पावलं मागे उभं राहणं, बस पूर्ण थांबून दार उघडेपर्यंत न हलणं, पडलेली वस्तू न उचलता आधी ड्रायव्हरला सांगणं, बसच्या मागून कधीही न जाणं, या सवयी लहान मुलांना लावता येतात. मात्र त्या नुसत्या सांगून लागत नाहीत. ज्या थांब्यावर मूल रोज उभं राहणार त्याच थांब्यावर मोठ्या माणसाने बरोबर जाऊन, पुन्हा पुन्हा करून घेतल्या तरच लागतात. घरात बसून ‘इकडे-तिकडे बघून रस्ता ओलांड’ असं शंभर वेळा म्हणून उपयोग नसतो, कारण लहान मूल ‘नीट बघ’ म्हणजे मान हलव असं समजतं. ते मानही हलवतं आणि बघतही नाही. तेव्हा शिकवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि मुद्दाही अर्धा बरोबर आहे. मात्र पुढच्या अर्ध्यात ते मुलाकडून त्याच्या वयाला न पेलणारी गोष्ट मागतात.

हे मी हळवेपणाने म्हणत नाही. स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञ स्टीना सांडेल्स यांनी १९६०च्या दशकात लहान मुलं रहदारीत प्रत्यक्ष कशी वागतात याचा बारकाईने अभ्यास केला. आवाज कुठल्या बाजूने येतो, कडेने काय सरकतं आहे, खुणेच्या पाटीचा अर्थ काय, यांत मुलं कुठे कुठे चुकतात हे त्यांनी नोंदवलं. त्यांचा निष्कर्ष त्या काळातल्या वाहतूक शिक्षणाच्या उत्साहाला धक्का देणारा होता. लहान मुलाला आधुनिक रहदारीशी पूर्णपणे जुळवून घेणं शक्य नाही, त्याच्या वाढीचा टप्पाच आड येतो, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेमधल्या संशोधकांनी मुलांची दृष्टी मोजून पाहिली. ताशी सुमारे २० मैलांहून, म्हणजे ३२ किलोमीटरहून, जास्त वेगाने येणारी गाडी आपल्याकडे येते आहे हे प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना भरवशाने ओळखता येत नाही, असं त्यांना दिसलं. मूल बेफिकीर असतं म्हणून असं होत नाही. त्याच्या डोळ्यांना आणि मेंदूला ते गणित अजून जमत नाही. त्यात शाळा सुटल्यावरची भूक, दमणूक, मित्राशी झालेलं भांडण आणि समोर दिसणारी आई हे सगळं मिसळा. या घटकेला मुलाने सकाळचा धडा आठवावा, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

इथे एक जुना वाद आठवतो. इंग्लंडच्या कापडगिरण्यांत फिरत्या पट्ट्यांत आणि दांड्यांत अडकून कामगारांचे, त्यांत मुलांचेही, हातपाय जात. १८४४च्या फॅक्टरी कायद्याने अशा यंत्रांना कुंपण घालणं सक्तीचं केलं आणि चालू यंत्र मुलांकडून साफ करून घ्यायला बंदी केली. गिरणीमालकांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. १८५५ साली तर त्यांनी त्यासाठी वेगळी संघटनाच काढली. त्यांचा युक्तिवाद काय होता? अपघात कामगारांच्या निष्काळजीपणाने होतात, त्यांनी सांभाळून वागावं, कुंपणाचा भुर्दंड आम्हांला कशाला. यातलं पहिलं वाक्य कदाचित काही वेळा खरंही असेल. बारा तास काम केलेल्या मुलाचं लक्ष उडालं असेलच. पण लक्ष उडणं हे माणसात गृहीतच धरायचं असतं, आणि लक्ष उडालं म्हणून हात जाऊ नये एवढ्यासाठीच कुंपण असतं. ‘मूल मध्येच धावलं’ हे वाक्य आज अपघातानंतर ज्या सहजतेने बोललं जातं, त्यात मला गिरणीमालकांचा तो युक्तिवाद ऐकू येतो. मूल धावलं, हे खरं. मूल धावणारच होतं. मग त्या जागी, त्या वेळी, त्याच्या धावण्याच्या वाटेत चाक का होतं, एवढाच प्रश्न उरतो.

स्कूलबसच्या इतिहासातच याचा एक लहानसा पण फार बोलका दाखला आहे. अमेरिकेत मुलांच्या जॅकेटच्या नाड्या उतरताना बसच्या दारात किंवा पायऱ्यांजवळच्या कठड्याच्या फटीत अडकत. मूल उतरलं असं समजून ड्रायव्हर बस सुरू करी आणि मूल फरपटत जाई. मुलं दगावली. आता यावर ‘नाड्या आत खोचत जा’ असं शिकवता आलं असतं, आणि काही दिवस मुलांनी खोचल्याही असत्या. पण तिथल्या यंत्रणांनी कठडेच दुरुस्त करायला लावले, आणि १९९६ साली ग्राहक-सुरक्षा आयोगाने मुलांच्या कपड्यांत अशा नाड्या नसाव्यात अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कठडा तपासण्याची रीतही किती साधी! दोरीला अर्ध्या इंचाचा नट बांधायचा, तो कठड्याच्या आत सोडायचा आणि मूल ज्या दिशेने उतरतं त्या दिशेने ओढायचा. नट कुठेही अडकला तर कठडा नापास. त्यासाठी पाच वर्षांच्या मुलाला काहीही लक्षात ठेवावं लागत नाही. सुरक्षिततेची परीक्षा एखाद्या निर्जीव नटाने द्यावी, मुलाने देऊ नये, हे तत्त्व मला फार मोलाचं वाटतं.

जपानमधली घटना याहून अंगावर येणारी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये शिझुओका प्रांतातल्या माकिनोहारा इथे तीन वर्षांची एक मुलगी बालवाडीच्या बसमध्ये उन्हात काही तास अडकून राहिली आणि दगावली. त्याच्या आदल्या वर्षी फुकुओका प्रांतात एक पाच वर्षांचा मुलगा तसाच गेला होता. माकिनोहारात नेहमीचा ड्रायव्हर नव्हता म्हणून खुद्द बालवाडीच्या प्रमुखांनी बस चालवली होती. बसमध्ये मदतनीसही होती. वर्गात मुलगी दिसत नाही हे लक्षात येऊनही घरी विचारणा झाली नाही. यात कोणीही क्रूर नव्हतं. प्रत्येकाने गृहीत धरलं की दुसऱ्याने पाहिलं असेल. नंतर काही बालवाड्यांनी काय केलं, तर आत अडकलो तर हॉर्न कसा वाजवायचा याचा सराव लहानग्यांकडून करून घेतला. हाताने जोर पुरत नसेल तर हॉर्नवर बसून पूर्ण वजन टाक, असंही शिकवलं. मी त्या शिक्षकांना नावं ठेवत नाही. भेदरलेल्या माणसाला हाताशी जे सापडतं ते तो करतो. पण तीन वर्षांच्या मुलीने झोपेतून जागं होऊन, पट्टा सोडवून, पुढे जाऊन हॉर्नवर बसावं, यावर कोणाचा जीव टांगायचा का? जपान सरकारने पुढे एप्रिल २०२३ पासून अशा बसमध्ये मूल मागे राहू नये म्हणून सुरक्षा उपकरण सक्तीचं केलं. दक्षिण कोरियात हे आधीच झालं होतं. २०१८च्या उन्हाळ्यात तिथे एक चार वर्षांची मुलगी अशीच गेली, आणि २०१९ पासून इंजिन बंद केल्यावर ड्रायव्हरला बसच्या मागच्या टोकाला जाऊन बटण दाबावंच लागतं. ते दाबलं नाही तर भोंगा वाजत राहतो. या उपकरणाची खुबी त्याच्या विजेच्या तारांत नाही. ते एका माणसाला प्रत्येक सीटवरून नजर टाकत शेवटपर्यंत चालायला लावतं, एवढंच. ज्या शाळेला उपकरण परवडत नाही तिलाही हे चालणं परवडतं.

यावर दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील, बघा, शेवटी यंत्रच लागलं ना? लागलं, आणि यंत्रांना माझा विरोध नाही. पट्ट्यांच्या बाबतीत तर त्यांची बाजू मजबूत आहे. उंच पाठीच्या सीट समोरच्या धडकेत वाचवतात, पण बस उलटली किंवा बाजूने धडक बसली तर त्या पुरेशा पडत नाहीत. २०१६ साली बाल्टिमोर आणि चॅटनूगा इथे स्कूलबसचे भीषण अपघात झाले. त्यांचा तपास करून अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१८ मध्ये नव्या मोठ्या स्कूलबसमध्ये कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारे पट्टे असावेत अशी शिफारस केली. ती योग्यच आहे, आणि बस लहान असेल तर पट्ट्याला पर्यायच नाही. पण पट्टा मूल सीटवर असेपर्यंत काम करतो. कॅमेरा काय घडलं ते सांगतो, आणि सांगतो तेव्हा ते घडून गेलेलं असतं. मोबाइलवरचा ठिपका बस चौकात आली हे दाखवतो, मूल बसच्या कुठल्या बाजूला उभं आहे हे दाखवत नाही. पालकसभेत सर्वाधिक वेळ नेमका या ठिपक्यावर जातो, याचं मला वाईट वाटतं. त्याने पालकाची काळजी शमते. मुलाच्या धोक्यात त्याने काय फरक पडतो?

शिक्षेच्या धाकाचंही तसंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, रॉचेस्टर गावाजवळ, पहाटेच्या अंधारात तीन भावंडं बसकडे जायला महामार्ग ओलांडत होती. बस थांबलेली होती. तिचे लाल दिवे लुकलुकत होते, बाजूचा ‘थांबा’ फलकही बाहेर आलेला होता. समोरून आलेली गाडी थांबली नाही आणि तिन्ही मुलं गेली. चालक महिलेला पुढे तुरुंगवास झाला. कायदा होता, दिवे होते, फलक होता, शिक्षाही झाली. मग नव्हतं काय? थांबा मुलांच्या वस्तीच्या बाजूला नव्हता. दुर्घटनेनंतर तो वस्तीच्या आत हलवण्यात आला आणि तिथल्या मुलांना महामार्ग ओलांडण्याची गरजच उरली नाही. २०१९ मध्ये राज्याने कायद्यानेही असे थांबे टाळण्याची तरतूद केली. बस वळवून वस्तीत नेण्याचं काम आदल्या वर्षीही करता आलं असतं, त्यासाठी कुठलाही शोध लागायचा नव्हता. अमेरिकेतल्या विद्यार्थी-वाहतूक संचालकांच्या संघटनेच्या अंदाजानुसार, थांबलेल्या स्कूलबसला बेकायदा ओलांडून जाण्याचे प्रकार तिथे वर्षाला सुमारे ४ कोटी वेळा घडतात. ज्या देशात थांबलेल्या स्कूलबसमागे थांबणं सर्व राज्यांत बंधनकारक आहे तिथली ही गत. दंड वाढवा, जरूर वाढवा. पण ज्या रस्त्यावर मुलाला पलीकडे जावंच लागत नाही, तिथे दंडाचा धाक कमी पडला तरी मूल वाचतं.

आता सर्वांत जड आक्षेप, आणि तो मी मनापासून गंभीरपणे घेतो. तो असा की सगळीकडे मोठ्यांनी हात धरला, दारातून दारात पोचवलं, तर मुलं स्वतंत्र कधी होणार? भित्री, परावलंबी पिढी घडवायची का? मुलाने एकट्याने घराबाहेर पडणं, वाट ओळखीची करून घेणं, वेळेचं भान येणं, आपल्याहून लहानाची काळजी घेणं, यांत मोठं शिक्षण आहे. ते हिरावून घेणारी सुरक्षितता मलाही नको आहे. पण ज्या देशांकडे बोट दाखवून हा आक्षेप घेतला जातो, त्यांनी काय केलं ते पाहा. नेदरलँड्समध्ये आज शाळकरी मुलं आपापल्या सायकलने शाळेत जातात, आणि ते चित्र स्वावलंबनाचा नमुना म्हणून दाखवलं जातं. तिथे १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४००हून जास्त मुलं होती. तेव्हा आई-बाप ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी घोषणा घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांनी मागितलं काय? वेग कमी करा, वस्तीतल्या रस्त्यांची रचना बदला, सायकलींना वेगळी जागा द्या. मुलांना आणखी सावध करा, ही त्यांची मागणी नव्हती. मोठ्यांनी आधी रस्ते बदलले, मग मुलं एकटी निघाली. जपानमध्येही मुलं चालत शाळेत जातात, पण अनेक ठिकाणी ती गटाने, ठरलेल्या वाटेने, मोठ्या वर्गातल्या मुलामागून जातात आणि वाटेवर मोठी माणसं उभी असतात. स्वातंत्र्य मिळतं ते व्यवस्थेच्या आत. हात सोडायचाच आहे, पण कुठे सोडायचा ते आधी ठरवायला हवं, आणि बसचं चाक जिथून वळतं ती जागा त्यासाठी नाही. मूल डबा स्वतः भरेल, वेळेवर तयार होईल, बसमध्ये शेजारी बसलेल्या रडणाऱ्या मुलाची समजूत काढेल. शिकण्याच्या इतक्या जागा असताना जिथे चुकीला माफी नाही तीच जागा धड्यासाठी का निवडायची?

उरतो वेळेचा आणि पैशांचा मुद्दा. प्रत्येक मूल रस्त्याच्या योग्य बाजूला उतरवायचं तर बसला फेरा पडतो, वेळ वाढतो. ड्रायव्हरखेरीज दुसरं माणूस ठेवायचं तर पगार द्यावा लागतो. हे खरं आहे आणि शाळा चालवणाऱ्यांना ते टोचतं. पण एकट्या ड्रायव्हरकडून आपण काय काय मागतो ते तरी पाहा. त्याने रहदारीवर नजर ठेवायची, आरसे बघायचे, मागची भांडणं सोडवायची, कोण चढलं कोण उतरलं ते मोजायचं आणि शिवाय वेळही गाठायची. एका माणसाच्या लक्षाचे पाच तुकडे केले की त्यातला एक तुकडा केव्हातरी पडणारच. दिल्लीत नोव्हेंबर १९९७ मध्ये वझीराबादच्या पुलावरून स्कूलबस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं बुडाली. त्यानंतर महिन्याभरातच सर्वोच्च न्यायालयाने स्कूलबसबाबत आदेश दिले. अवजड वाहन चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव असलेला ड्रायव्हर हवा, आणि त्याच्याखेरीज मुलांकडे लक्ष देणारी दुसरी पात्र व्यक्ती बसमध्ये हवी, हे त्यांत होतं. दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये मुलांच्या बसमध्ये सोबतीला माणूस असण्याची सक्ती केली, तीही एक मूल बसखाली गेल्यानंतरच. म्हणजे खर्च शेवटी सगळेच करतात. फक्त तो आधी करायचा की कोणाचं तरी मूल गेल्यावर, एवढंच ठरवायचं असतं. माकिनोहारात मात्र असं माणूस असूनही मूल गेलं, म्हणून नुसतं दुसरं माणूस पुरत नाही. त्याच्या हातात नावांची यादी हवी आणि त्याचं काम शब्दांत ठरलेलं हवं. दार उघडल्यावर आधी स्वतः खाली उतरायचं, मूल हाताला धरून उतरवायचं, चाकांच्या आणि बसच्या पुढच्या बाजूला कोणी नाही हे पाहायचं, मगच ड्रायव्हरला निघायची खूण द्यायची. अशी खूण मिळेपर्यंत बस हलणार नाही, हा नियम शाळेने लेखी दिला पाहिजे.

पालकांनीही आपल्या बाजूची एक गोष्ट बदलायला हवी. ती फार साधी असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. दुपारी मूल आणायला जाणारा माणूस पुष्कळदा रस्त्याच्या पलीकडे, सावलीत किंवा गाडी लावायला जागा मिळेल तिथे, उभा असतो. बस थांबते, मूल उतरतं, आजी-आजोबा किंवा बाबा हात हलवतात. मूल काय करणार? जीव तोडून त्यांच्याकडे धावणार, बसच्या पुढून किंवा मागून. प्रेमाने केलेली खूणच त्याला चाकांसमोर बोलावते. बसचं दार ज्या बाजूला उघडतं त्याच बाजूला, दारापाशी, बस यायच्या आधीपासून माणूस उभं असलं पाहिजे, आणि मुलाला नाव घेऊन हाक मारण्याआधी त्याचा हात धरला पाहिजे. सकाळी मूल झोपाळू आणि आज्ञाधारक असतं. दुपारी ते मोकळं सुटलेलं असतं. काळजी मात्र सगळी सकाळच्या निरोपावर खर्च होते.

घाबरून मूल बसमधून काढून घेणं आणि रोज स्वतःच्या गाडीने सोडणं, हाही उपाय नव्हे. वर दिलेला ७० पटींचा आकडा उलट बाजूने वाचला तर ते कळतं. शिवाय शाळेच्या फाटकाशी जितक्या मोटारी वाढतात, तितकी चालत येणाऱ्या आणि बसमधून उतरणाऱ्या मुलांची अडचण वाढते. एकेका घराची सोय मिळून सगळ्यांचा धोका तयार होतो. बस चांगलीच आहे, ती टिकवायची आहे. म्हणून मूल बसने जायला लागण्याआधी शाळेला काही प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरं लेखी मागावीत. माझ्या मुलाला कुठेही रस्ता ओलांडून बसकडे यावं लागेल का, आणि लागणार असेल तर थांबा हलवता येईल का? घेणारं माणूस थांब्यावर नसेल तर मदतनीस ताई मुलाला उतरवतील की परत शाळेत नेतील? नेहमीचे ड्रायव्हरकाका रजेवर असतील त्या दिवशी बदली माणसाला हे सगळं कोण समजावून सांगतं? फेरी संपल्यावर शेवटच्या सीटपर्यंत कोण चालत जातं आणि सही कुठे करतं? मूल वर्गात आलं नाही तर किती वाजेपर्यंत घरी फोन येतो? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ ठिकाणी ‘पालक कळवतातच’ असं मिळतं. ते उत्तर स्वीकारू नये. पालकाने कळवलं नसेल आणि मूल वर्गात नसेल, तर शाळेने पहिला तास संपायच्या आत घरी फोन केला पाहिजे आणि त्याच वेळी कोणाला तरी बसकडे पाठवलं पाहिजे.